नालुबेगाची कार्डं

कंपालातल्या आमच्या कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. काम झालं की कार्ड ते करणाऱ्याच्या नावावर जमा.

शेजारच्या टेबलावरची नालुबेगा मागे पडू लागली. तिच्या लेकीला सिकलसेल, आठवड्यातून दोनदा हॉस्पिटल. मी गुपचूप तिची कार्डं माझ्या नावावर घेऊन कामं उरकू लागलो.

"सेंपिजा, नको रे. मरशील अशानं," ती म्हणायची.

"गप गं. आधी लेकीकडे बघ."

तीन महिन्यांनी आमच्या मॅनेजर किझा मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. "तुझी पंचेचाळीस कार्डं, नालुबेगाची फक्त सहा. तिला काढावं लागेल."

नोकरी गेली तर ती लेकीचं औषधपाणी कशी करणार? मी सगळं सांगून टाकलं. "मॅडम, यातली वीस तरी तिची आहेत. मीच घेतली. तिचा काही दोष नाही हो."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, विरघळल्या.



"म्हणजे दोघांचं काम तुला एकट्याला जमतं तर!"