धरून ठेवलेली कुत्री

कालव्याकाठी आस्टा कुत्री वळली आणि आंधळ्या आइल्टने तिच्या पाठीवरच्या पट्ट्याची दांडी पुन्हा सोडली.

कुत्री थांबली. मागून येणाऱ्या सार्जंट ब्रून्सने कपाळावर हात मारला. "अरे बाबा, चावते का ती तुला? घट्ट धरायचं. लढाईत डोळे गेलेल्यांना कुत्री देतात ती काय शोभेला?"

"धरतो, साहेब."

"सकाळपासून हेच ऐकतोय. उद्या परीक्षेत डॉक्टरांसमोर असं केलंस, तर कुत्री जाईल दुसऱ्याला आणि तू जाशील आंधळ्यांच्या आश्रमात, जन्मभर ब्रश बांधत बसायला. बायको घरी वाट बघतेय ना?"

बघत होती. आइल्ट मटकन काठावर बसला.

"एकदा धरली होती एक कुत्री," तो म्हणाला. "व्हर्दूनच्या आघाडीवर. डोळे गेले त्याच दिवशी. खड्ड्यात पडलो होतो. जखमी शोधणारी कुत्री आली, मला हुंगलं, स्वतःच्या गळ्यात लोंबणारा चामड्याचा तुकडा तोंडात धरला आणि निघाली."

"स्ट्रेचरवाल्यांना आणायला. जिवंत माणूस सापडला की तुकडा तोंडात धरून परत यायचं, तसंच शिकवायचो आम्ही."

"मी जाऊ दिली नाही. गळ्याला मिठी मारून बसलो. ऊबदार होती हो. पलीकडे आमच्या गावचा फोको पडला होता. सारखा म्हणायचा, सोड रे तिला, आइल्ट, सोड. मग म्हणायचा थांबला."

ब्रून्सने डोक्यावरची टोपी काढली.

मोकळी सुटलेली आस्टा कुरणात शिरली होती. ती परत आली आणि आइल्टच्या गुडघ्यावर तोंड टेकून उभी राहिली. तिच्या दातांत काटकी होती. आइल्टने ती चाचपली.

"हे काय?"

"ही पण आघाडीवरचीच. तुकडा काढून घेतला, पण खोड काही जात नाही. मिळेल ते उचलून आणते."

"म्हणजे तिकडे कोणीतरी आहे."

ब्रून्सने पाहिलं. कापलेलं गवत आणि दोन गाई. "कोणी नाही रे."

"जिवंत असेल तरच येतात ना? तुम्हीच म्हणालात."

आइल्ट उठला. त्याने दांडी धरली. आस्टा वळली, बांध चढली, उतरली, पुन्हा वळली. त्याची मूठ सुटली नाही. उद्या हा नक्की पास होणार, हे ब्रून्सला दिसत होतं, आणि त्याच्या अंगावर काटा आला.

रिकाम्या कुरणात आइल्ट पुढे वाकून, हलक्या आवाजात समजूत घालत चालला होता.

"दम धर, फोको. सोडली मी तिला. माणसं येतायत."