घळीचा रस्ता

"डावीकडे घे. घे म्हणते ना! कठड्याला घासत चाललायस," पुढच्या सीटवरून एर्मिना कुरकुरली.

ओरेस्तेने मुकाट्याने गाडी जराशी डावीकडे घेतली. उजव्या हाताला गार्दाचं सरोवर उन्हात नुसतं चकाकत होतं.

"आता बोगदा. दिवे लाव. सायकलवाला आहे पुढे, लाल टोपीवाला. हळू."

मागे बसलेल्या त्यांच्या मुलीने, लोरेदानाने, नवऱ्याचा हात घट्ट धरला. तुल्लिओने डोळे मिटून घेतले.

आई अशी नव्हती. साऱ्या गार्न्यानो गावात तिच्याइतकी अबोल बाई सापडली नसती. बाबांनी उभं आयुष्य याच गावांमधून बस चालवली, आईने त्यांना कधी एका शब्दाने टोकलं नव्हतं. हिवाळा सरला आणि काय झालं कोण जाणे, गाडीत बसली की तोंडाला खळ नाही. दिसेल ते बोलून दाखवायचं. दगड, ट्रक, वळण, मांजर. तुल्लिओच्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ती तुल्लिओलाच विचारायची, तुम्ही कोणाचे?

म्हणून तर दोघं मिलानोहून आली होती. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त. सरोवराच्या काठाने फिरायचं, वर डोंगरावरच्या पिएवे गावात जेवायचं आणि जेवताना हळूच डॉक्टरांचं नाव काढायचं.

घळीचा रस्ता लागला. दोन्हीकडे कातळ, मध्ये एका गाडीपुरती वाट, आणि कडा संपला की खाली थेट पाणी.

"हॉर्न दे," एर्मिना म्हणाली. "अजून दे. आता वळव. अजून. अजून... पुरे!"

"आई, बाबांना पाठ आहे गं हा रस्ता!"

"रस्ता पाठ आहे त्याला. समोरून येणारे पाठ आहेत का?"

खानावळीच्या गच्चीत बसल्यावर एर्मिनाने पदार्थांचं कार्ड पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतलं.

"आई, आपण माझ्या लहानपणापासून इथे हेच खातोय."

ती थांबली नाही. मासा आला तेव्हा ओरेस्तेच्या ताटातले काटे तिने एकेक करून काढले. वाइनचा पेला उचलून त्याच्या हातात दिला.

"ओरेस्तेकाका, नशीब काढलंत हो!" वाढणारी बाई हसली.

"काढलं खरं. जरा उशिरा काढलं."

सगळे हसले. लोरेदानाने तुल्लिओकडे पाहिलं, तुल्लिओने पावाकडे. डॉक्टरांचं नाव कुणीच काढलं नाही.

निघताना ती म्हणाली, "आई, उतरताना तू मागे बस माझ्याजवळ. जरा डोळा लागेल. तुल्लिओ बसेल पुढे."

"मागे मला मळमळतं."

"बस गं. तुलाही आराम, बाबांच्या कानांनाही आराम."

दंडाला धरून तिने आईला मागे बसवलं. एर्मिनाने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी पकडली.

"तुल्लिओ, तू बोलत राहशील ना?"

"कशाबद्दल, आई?"

"दिसेल त्याबद्दल. सगळं सांगायचं. एकही सोडायचं नाही."

तुल्लिओने मान खाली घातली. लोरेदानाचे डोळे भरून आले.

ओरेस्तेने किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर उतार होता, उताराच्या टोकाला पहिलं वळण. तो तसाच बसून राहिला.

"बाबा, चला ना."

तो हलला नाही. आता लोरेदानाला राहवेना.

"बरं, मग बोलूनच टाकते. किती दिवस गप्प बसायचं? आईचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, बाबा. तुम्हालाही ते कळतंय. तिला डॉक्टरांना दाखवायला हवं."

एर्मिना खिडकीबाहेर पाहत राहिली.

ओरेस्तेने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"तिचं डोकं ठिकाणावर आहे, पोरी," तो म्हणाला. "मलाच आता समोरचं काही दिसत नाही."