एक तास पन्नास मिनिटं

फोन उचलताच तिने आवाज ओळखला. घोगरा, शब्दाशब्दाला अडखळणारा. घशाच्या ऑपरेशनमध्ये मूळचा आवाज गेला, हे आजोबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"आमच्याकडून तुमच्या शहरात यायचं तर अंतर किती हो, बाई?"

"अकराशे साठ किलोमीटर, आजोबा. विमानाने एक तास पन्नास मिनिटं."

कालही त्यांनी हेच विचारलं होतं, परवाही. विमान कंपनीच्या चौकशी कक्षात दुपारचा फोन तिच्याकडे असे, आणि जेवणानंतर डोळे जड झाले की आजोबांचा फोन ठरलेला. तिकीट मात्र त्यांनी कधी काढलं नाही. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, म्हातारा रिकामटेकडा दिसतोय, ठेवून देत जा. तिच्याने ते होत नसे.

अंतर सांगून झालं की ते विचारत, वाटेत काय दिसतं? मग ती डोळे मिटून सांगू लागे. आधी तुमच्याकडच्या वीटभट्ट्यांचा धूर. मग नदी, कुणाची तरी वेणी सुटून पडावी तशी. मग नुसते ढग. पिंजलेल्या कापसावरून अनवाणी चालल्यासारखं वाटतं, खालचं सगळं खालीच राहतं. ती त्या विमानात एकदाच बसली होती, अकरा वर्षांपूर्वी, इकडे येताना. पण सांगता सांगता टेबल, पंखा, फायली विरघळून जात आणि दोघं शेजारी शेजारी बसून तरंगत राहत. पलीकडून फक्त श्वास ऐकू येई.

हळूहळू कळलं ते असं: आजोबांची मुलगी इकडे असते. लग्नावरून बिनसलं. रागाच्या भरात आपण नको ते बोललो, ते म्हणाले, आणि ती जी गेली ती गेलीच.

हे ऐकून फोन घेणारीचं डोकंच फिरलं. कसली पोर ही, ती मैत्रिणीला म्हणाली, दोन तासांची वाट आणि बापाला झुरत ठेवते. मैत्रीण म्हणाली, अगं, तिचीही काही बाजू असेल. "बाजू कसली," ती म्हणाली, आणि उगाचच खिडकीबाहेर वर चढणारं विमान दिसेनासं होईपर्यंत बघत बसली.

मग नऊ दिवस फोन आला नाही. तिचा जीव टांगणीला लागला. दहाव्या दिवशी आला तेव्हा आवाज आणखी खोल गेला होता. डॉक्टरांनी आता प्रवास नको म्हणून सांगितलंय, असं आजोबा म्हणाले. तरी अंतर त्यांनी विचारलंच.

तिने सांगितलं नाही. आज तिला राहवेना.

"आजोबा, तुम्ही नका येऊ. तिलाच बोलवा. उद्या सकाळी निघाली तर दुपारी तुमच्यापाशी असेल."

"येईल ती?"

"न यायला काय झालं? बोललात का तिच्याशी? की तुमचा फोनच घेत नाही?"



"घेते की," आजोबा म्हणाले. "आत्ताही तिनेच घेतलाय."