भिंतीवरचा करार

सकाळी सहाला भिंतीवर दोन ठोके पडले. तिने वडिलांच्या पट्टीने लगेच दोन ठोके परत दिले. हे शेवटचे. दुपारी खोली रिकामी करून किल्ली घरमालकाला द्यायची होती.

भिंतीपलीकडे वडिलांचा मित्र राहायचा, पुस्तकबांधणी करणारा. भिंत एकच, दारं मात्र दोन वेगळ्या गल्ल्यांत. दोघांच्याही बायका गेलेल्या, गुडघे गेलेले. एकटं मरून पडलो तर कळणार कुणाला, म्हणून त्यांनी करार केला. वडिलांनी जन्मभर करारकायदा शिकवलेला, त्यामुळे तोही कागदावर, कलमांसकट. जो आधी उठेल त्याने दोन ठोके द्यावेत, दुसऱ्याने दोन ठोक्यांनी उत्तर द्यावं. उत्तर आलं नाही तर माणसं बोलावून दार फोडावं. मोबदला, एकमेकांचे ठोके. घोरणं हे उत्तर धरलं जाणार नाही.

"मी नसलो तरी उत्तर देत जा," वडील दवाखान्यात म्हणाले होते. "तो हाय खाईल."

ती हो म्हणाली. वडील जाऊन चाळीस दिवस झाले, एकही सकाळ चुकली नाही. आपण होऊन मात्र ती कधी ठोकत नसे. ते वडील असल्याचं सोंग झालं असतं. उत्तर देणं हा दिलेला शब्द होता. भिंत चांगली जाड, तरी तिचे ठोके घुमून दुप्पट झाल्यासारखे वाटायचे.

न सांगता निघून जाणं तिला जमेना. ज्याच्यासाठी शब्द दिला त्यानेच त्यातून मोकळं करायला हवं. कागद पर्समध्ये घालून ती वळसा घेत पलीकडच्या गल्लीत गेली.

दार तिच्याच वयाच्या बाईने उघडलं. बोटांना खळ लागलेली. पुस्तकबांधणीवाल्याची मुलगी. वडील आहेत का, असं हिने विचारलं. बाईने सांगितलं, तिचे वडील जाऊन तीन महिने झाले होते. मित्राला कळू देऊ नकोस, उत्तर देत राहा, असं जाताना तेही बजावून गेले होते.

दोघी उंबऱ्यावरच बसल्या. आधी हसू आलं, मग रडू. दोन म्हाताऱ्यांना जपता जपता त्या इतके दिवस एकमेकींनाच जपत होत्या. मग त्यांनी कागदावर 'रद्द' लिहिलं, तारीख घातली, सह्या केल्या. तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

निघताना ती म्हणाली, "उद्या सवयीने ठोकाल, आणि उत्तर यायचं नाही. घाबरू नका हं."

बोटांची खळ पुसता पुसता बाई थांबली.

"मी कधीच आधी ठोकत नाही हो. मी फक्त उत्तर देते."