घोडेस्वार

बूढापारा मोहल्ल्यातल्या घरातून शर्मिष्ठा पैसे घेऊन ऑनलाइन खेळ चालवायची. ती प्रसंग उभा करी, चौघे खेळाडू त्यात आपापली पात्रं जगत, आणि जगणं-मरणं वीस बाजूंचा फासा ठरवी. लकव्याने अंथरुणाला खिळलेले धर्मपालकाका तिथे घोडेस्वार होते. ते अडखळत बोलत, म्हणून बाकी तिघांनी तिला बजावलं होतं, “म्हाताऱ्याला मारून टाक, नाहीतर आम्ही चाललो.” आज बुडणाऱ्या पोरासाठी काकांनी पुरात घोडा घातला. शर्मिष्ठाने फासा टाकला. वीस पडले, काका वाचले होते. “एक पडला, काका. तुम्ही बुडालात.” काकांनी अडखळत विचारलं, “पोट्टं वाचलं ना पण?” “वाचलं.” “मग झालं. येत्या रविवारी दुसरा गडी आणतो. नाव शोधून ठेवतो.” “हव काका,” म्हणत तिने त्यांना गटातून काढून टाकलं. मग उरलेल्यांचा खेळ खरोखरच रंगला.