हलकी नळी

गाडी टेकाडामागं गेली आणि बनाबाईनं दोन्ही कानांवर पदर घट्ट दाबून धरला. आवाज यायचा तो आलाच. विमानांच्या जुन्या, आता गुरांना मोकळ्या झालेल्या धावपट्टीवरून गाडी सुटायची, टोकाच्या टेकाडाला वळसा घालायची आणि परत यायची. वळशात ती दिसत नसे, पण तिथंही कुणी पत्रा टराटरा फाडावा तशी ओरडत असे.

गाडी लालासाहेबांची. कोरेगावला उसाची बागायत, आणि हौसेला काही मोल नसतं. दोन माणसांची जुनी उघडी गाडी आणून त्यांनी तिचे दिवे, बंपर, शेजारची सीट, जे जे निघेल ते काढून टाकलं होतं. पुढल्या रविवारी इथंच शर्यत होती. गाडी हाकणार होता धुळा, बनाबाईनं नवऱ्यामागं एकटीनं वाढवलेला एकुलता एक पोरगा. मेंढरं सोडून तो साताऱ्यात ड्रायव्हर झाला, तिथवर तिनं सोसलं. शर्यतीचं कानावर आलं तेव्हा मात्र तासगावापलीकडच्या आपल्या माळावरून पहिली एसटी धरून ती तडक आली होती.

गाडी थांबली. धुळा हसत उतरला. तोंड धुरानं काळं, नुसते दात पांढरे. नाथाजी मिस्त्री गाडीखाली वाकून नळी बघू लागला. बांगलादेशच्या लढाईनंतर हा मिलिटरीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला. धूर सोडायची ही पातळ पत्र्याची सरळ नळी त्यानंच बनवली होती. एका हातानं उचलावी इतकी हलकी. आवाज दाबणारा गाडीचा मूळचा सायलेन्सर शेजारी गवतात पडला होता, पाट्यासारखा जड.

"हलकी ठेवायची का जुना घालायचा, ते आज ठरवा," नाथाजी म्हणाला.

"त्यात ठरवायचं काय? हलकीच," लालासाहेब म्हणाले.

बनाबाई पुढं झाली. "मालक, ही गाडी वरडत न्हाई, मरण वरडतंय. ती नळी काढा. न्हाईतर पोराला मी घिऊन जाते."

लालासाहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. आई नको म्हणाली तर गाडीला हात लावणार नाही, असं धुळानं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आणि दुसरा ड्रायव्हर आणायचा कुठून?

नाथाजीनं समजूत घालून पाहिली. "मावशे, जुन्यानं गाडी जड हुतीया. इंजनाचा श्वास कोंडतो. पोरगं शेवटचं यील बघा."

"येऊ द्या शेवटचं. आलं म्हंजे झालं."

नळी निवेपर्यंत सगळे बाभळीखाली बसले. मग नाथाजीनं ती काढली आणि जुना सायलेन्सर चढवला. गवतात टाकलेल्या नळीकडं धुळानं एकदा बघितलं आणि गाडीत जाऊन बसला.

या खेपेला गाडी शहाण्या बैलासारखी निघाली. आवाज असा बेताचा, की बनाबाईला बांधावरच्या भोरड्यांची किलबिल ऐकू आली. तिचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून पहिल्यांदा ती घोटभर पाणी प्याली. नाथाजीला मुलंबाळं किती म्हणून विचारलंसुद्धा. तो सांगू लागला, तेवढ्यात गाडी टेकाडामागं गेली.

आणि काहीच ऐकू येईना.

नाथाजीची थोरली कुठं दिली होती, ते बनाबाईच्या कानात शिरलंच नाही. टेकाडाच्या कडेवर तिची नजर खिळली. वारं होतं. वाळलं गवत हलत होतं. तिकडं रस्त्यावर गाडी होती, की खड्ड्यात, की उलथीपालथी, कशाचाच पत्ता लागत नव्हता. तिनं श्वास धरून कान दिला, तर स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू आले.

"आत्तापातूर निघाया पायजे व्हती न्हवं?"

"यील की," नाथाजी म्हणाला. पण तोही उठून उभा राहिला.

ते बघून बनाबाई पळत सुटली. चपला मागंच राहिल्या, पदर लोंबत राहिला. "आवं बाई, थांबा," असं लालासाहेब मागून म्हणत होते. ती कसली थांबते? डांबर तव्यासारखं तापलं होतं.

तेवढ्यात टेकाडाच्या दुसऱ्या अंगानं गाडी बाहेर आली. काही झालं नव्हतं. गाडी जड झाली होती, म्हणून वेळ लागला, एवढंच.

धुळानं तिच्यापुढ्यात ब्रेक दाबला. "आये, आता तरी मन निवलं का?"

बनाबाई मटकन रस्त्यावरच बसली. तो धावत खाली उतरला, तसा तिनं त्याचा दंड धरला, चाचपला आणि धरूनच ठेवला. लालासाहेब आणि नाथाजी धापा टाकत पोचले, तेव्हा ती नाथाजीला म्हणाली, "मिस्त्री, ती हलकीच बसवा."

"अगं, त्या आवाजानं तुझा जीव जातो न्हवं?" धुळा म्हणाला.

"जातोय. जाऊ दे." तिनं त्याच्या गालावरची काजळी पदरानं पुसली. "तुझा बा मेंढरांमागं मेला तवा मी पलीकडच्याच घळीत भाकऱ्या थापत व्हते. कायबी ऐकू आलं न्हाई. नुसती मेंढरं माघारी आली, तवा कळलं."