रिकाम्या खोलीचं उत्तर

भाडेकरू सोडून गेल्यापासून सिल्व्हियाच्या भिंगारच्या घरातली मागची खोली कुलूपबंद होती. तरी दुपारी आतून कुणी खाकरल्याचा आवाज यायचा. शेवटी तिने आत कॅमेरा बसवला आणि कॉम्प्युटरवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम, लिहिली. त्यातलं फंक्शन दर मिनिटाला चित्र तपासायचं आणि आत कुणी आहे का, ते सांगायचं.

तीन आठवडे एकच उत्तर आलं, शून्य. म्हणजे कुणी नाही. तरीही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

रविवारी चर्चहून येताना तिने ऑफिसातल्या हर्षलला घरी आणलं. स्क्रिप्ट वाचताना तो मधेच थांबला.

"ताई, ही स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहिलीये, तिच्यात उलटं असतं. फंक्शनने शून्य परत केलं तर 'हो' समजायचं. 'नाही' असलं की एक येतो."

"अरे, पण कॅमेऱ्यात खोली रिकामी दिसतेय!"

"मलाही रिकामीच दिसतेय."

सिल्व्हिया तडक उठली. कुलूप काढून तिने दार सताड उघडलं. आत कुणीच नव्हतं. खिडकीही आतून बंद होती.

"आता काय येतंय रे?" तिने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

हर्षलने पुढच्या मिनिटाचं उत्तर येऊ दिलं.

"आत्ताच एक आला, ताई. खोलीत आता कुणी नाही."

दार उघडंच होतं, आणि सिल्व्हियाला मागे वळून बघवेना.